वधूच्या मामाचे लेखी म्हणणे

लग्न ठरलेल्या मुलामुलींनी सर्वप्रथम कोणाकडे जावे असे मला कोणी विचारले, तर मी मंडपवाल्याचे नाव घेणार नाही आणि भटजीचेही नाही. त्यांनी अर्जनविसाकडे जावे. मी स्वतः अर्जनवीस आहे म्हणून हे सांगतो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सावली या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेरच्या चिंचेखाली लोकांचे अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल बावीस वर्षांपासून आहे. शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे सर्व शिक्षण या टेबलाने दिले आणि ते अद्याप सुरू आहे. त्या आधारावर एक निरीक्षण नोंदवतो. लग्न मोडायला नाना कारणे असतात, परंतु झालेले लग्न नोंदवायला अडथळा बहुधा एकच येतो, तो म्हणजे नाव. शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व, आधारकार्डावर दीर्घ आणि लग्नपत्रिकेवर घरचे लाडाचे. एका नवरदेवाच्या पत्रिकेत असेच लाडाचे नाव छापले गेले. नोंदणीच्या वेळी, लग्न आपलेच झाले हे त्या बिचाऱ्याला सिद्ध करावे लागले. बायको शेजारी उभी राहून साक्ष देत होती, "हाच होता जी, मी पाह्यला ना!"

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की साखरपुडा होताच दोघांनी आपापले दाखले एकमेकांसमोर उघडून अक्षर न् अक्षर जुळवावे. पत्रिका जुळवणारे पुष्कळ असतात, दाखले जुळवणारे कोणी नसते.

दुसरा सल्ला तारखेचा. आमच्या भागात पंचांगाइतकेच जंगलाचे वेळापत्रक पाहावे लागते. मोहफुले पडण्याच्या दिवसांत सकाळचा मुहूर्त धरला तर अर्धे पाहुणे टोपली घेऊन झाडाखाली असतात. विडीच्या तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाल्यावर लग्न ठेवले तर पंगतीत वाढायला माणूस मिळत नाही, कारण वाढणारे आणि जेवणारे दोघेही पानांचे पुडके बांधायला गेलेले असतात. गोरज मुहूर्त फोटोत सुंदर दिसतो हे मला मान्य आहे. परंतु जंगलकाठच्या गावांचे पाहुणे अंधारापूर्वी घरी पोहोचले पाहिजेत. वाघाला आपली वरात आहे की परतीचे वऱ्हाड, हा फरक कळत नाही. दुपारच्या आत लग्न लावा, बुंदी वाढा आणि माणसांना उजेडात रवाना करा.

हे सर्व सल्ले मी ज्या जोडप्याला प्रथम एका बैठकीत दिले, त्यांची हकीकत आता सांगतो. कारण त्यांच्या लग्नात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक झाली नसती तर ते लग्न जसे झाले तसे झाले नसते.

मुलगी गडचिरोलीला रुग्णालयात परिचारिका, माहेर सावलीजवळच्या धानाच्या खेड्यातले. मुलगा सावलीतच मोटरपंप दुरुस्त करणारा. दोघे स्कूटरवर आले आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर मावण्यासाठी लागते त्यापेक्षा जवळ बसले. मुलगा सारखा हसत होता. मी ऱ्हस्व-दीर्घाचे गांभीर्य समजावून सांगत असतानाही हसत होता. मला असा माणूस सहसा आवडत नाही, परंतु त्याचे हसणे अपमानाचे नव्हते. लग्न ठरलेल्या माणसाचा तो एक प्रकारचा ताप असतो.

मुलगी मात्र मुद्द्याची होती. माझे वेळापत्रक ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "काकाजी, तारीख ठरली, दाखले जुळते. माह्यं काम दुसरंच हाये. माहे मामाजी लग्नाले येनार नाई म्हनते."

"काऊन?"

तिने मुलाकडे पाहिले. मुलगा फुटायच्या बेतात होता. "तू हसू नको ना बे," असे म्हणताना तीही हसली आणि मग एका दमात तिने सर्व सांगितले.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या बहिणीचे लग्न झाले. त्या लग्नाच्या पत्रिकेत सर्वांची नावे आपापल्या जागी होती. फक्त मामाजींचे नाव छापखान्यातल्या जुळणीत एक रकाना खाली घसरले आणि 'चिमुकल्यांचा किलबिलाट' या सदरात जाऊन बसले. म्हणजे 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' असे म्हणणाऱ्या चार बालकांच्या रांगेत पाचवे बालक म्हणून पंचेचाळीस वर्षांचे, मिशीवाले, गावच्या सोसायटीत संचालक असलेले गृहस्थ छापले गेले. पत्रिका वाटून झाल्यावर हे उघडकीस आले. त्या दिवसापासून गावात त्यांना कोणी नावाने हाक मारीना. पानठेल्यावर गेले की 'आले चिमुकले', बैलजोडी घेऊन निघाले की 'कुठी चालले बाळ?' त्या लग्नाला ते गेले नाहीत आणि या घराच्या मांडवात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली.

"ताईले मांडवात चुलतमामानं नेलं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी लहान असतानी बाबा बिमार होते, तं मले मामाजींनी शिकोलं. नर्सिंगच्या परीक्षेले तेच मले सायकलवर डबलशीट घेऊन गेलते. मंगलाष्टकाच्या टायमाले मागं मामा उभा राह्यतो ना काकाजी, तिथी दुसरं कोनी उभं राह्यलं तं मले लग्न लागल्यावानी वाटनारच नाई."

आमच्याकडे नवरीला घरातून मांडवात मामा आणतो आणि अंतरपाट सरेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. हे मी इतर वाचकांसाठी नमूद करतो.

मी म्हणालो, "पत्रिकेने बिघडलेले काम पत्रिकेने दुरुस्त होते. मसुदा मी करतो."

येथे तिसरा सल्ला. पत्रिका हा शोभेचा कागद नाही. विवाह नोंदणीला ती पुरावा म्हणून जोडावी लागते, सबब तिचा मसुदा दस्तऐवजाप्रमाणे व्हावा. नावांचा क्रम लावताना प्रत्येक माणूस आपले नाव बोटाने शोधणार आहे हे ध्यानात ठेवावे. शोधायला जितका वेळ लागेल तितका राग साठतो. मी वधूच्या मामांचे नाव आईवडिलांच्या लगेच खाली, स्वतंत्र ओळीत, ठळक अक्षरांत घेतले. किलबिलाटाचे सदर संपूर्ण काढून टाकले. त्यावर नवरदेवाच्या आईने हरकत घेतली, कारण आपले नाव छापून येणार असे त्यांच्या नातवाने बालवाडीत सांगून ठेवले होते. तीन वेळा निरोपांची देवाणघेवाण झाल्यावर असे ठरले, की सदर राहील, परंतु त्यात ज्याला अद्याप पहिलीत प्रवेश मिळालेला नाही असाच इसम घेतला जाईल.

मसुदा मी एका सोमवारी पूर्ण केला. सोमवारी माझ्याकडे गर्दी असते. त्या दिवशी समोर एक वारसनोंदीची नोटीस होती, एक अतिक्रमणाची होती आणि या दोहोंच्या मध्ये ही पत्रिका होती. 'आपल्या उपस्थितीने शोभा वाढवावी' हे वाक्य मी लिहिले. ते मला फारच सैल वाटले. उपस्थित न राहिल्यास काय, याची त्यात तरतूदच नव्हती. माझा हात बावीस वर्षे एकाच वाटेने चाललेला आहे. तो थांबला नाही. त्याने लिहिले:

'सबब आपण न चुकता हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे समजून विवाह एकतर्फी उरकण्यात येईल.'

मी मसुदा दोनदा वाचला. दोन्ही वेळा मला तो निर्दोष वाटला. नवरदेवाने मोबाइलवर फोटो काढून छापखान्यात पाठवला. या वेळी छापखान्याने एक काना-मात्रा हलवली नाही.

आठ दिवसांनी दोघे पुन्हा आले. मुलगा स्कूटर उभी करू शकत नव्हता इतका हसत होता. मुलीने पत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाजूच्या टेबलावरच्या स्टॅम्पविक्रेत्याने मान लांब करून ती मोठ्याने वाचली, आणि मग चिंचेखाली जे हसणे सुरू झाले ते कचेरीच्या आतपर्यंत गेले.

"भाऊ," स्टॅम्पवाला म्हणाला, "हे लगन हाये का बेदखली?"

"काकाजी, लोक फोन करून राह्यले," मुलगा कसाबसा म्हणाला. "मावसा म्हनते, वकील घेऊन येऊ का? आजीनं पत्रिका पेटीत ठेवली, म्हनते समन्स हाय, हरवू नोको!"

माझी काय अवस्था झाली हे मी लिहीत नाही. परत मागवा, नव्याने छापा, ओळीवर चिठ्ठी चिकटवा, असे मी एकामागून एक सुचवत गेलो. ते शक्य नव्हते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. गंमत अशी, की एरवी 'पाहू, जमलं तं येऊ' म्हणणारे सर्व नातलग या वेळी नक्की येतो असे कळवत होते. एकतर्फी उरकेल या भीतीने सारे हजर राहणार होते. मुलीच्या आईने आचाऱ्याला दोनदा निरोप पाठवून तांदूळ वाढवला.

"आन् मामाजी?" मी विचारले.

मुलीचे हसू थांबले. "त्यायले मीच नेऊन देल्ली. वाचली, घडी करून खिशात ठेवली. हो नाई का नाई नाई. काकाजी, आधी तं नुसतं रुसून होते, आता कोर्टात खेचलं असं वाटलं असन त्यायले."

तो आठवडा मी वाईट काढला. तिच्या पाठीशी रिकामी राहणारी जागा आता माझ्या अक्षराने रिकामी राहणार होती. अर्जदाराचे नुकसान त्याच्या स्वतःच्या अर्जाने व्हावे, याहून मोठी नामुष्की माझ्या व्यवसायात नाही.

लग्नाला चार दिवस उरले असताना दुपारी एक मिशीवाले गृहस्थ बाकड्यावर येऊन बसले. पायात नवी चप्पल, खांद्यावर पंचा. खिशातून त्यांनी घडी केलेली पत्रिका काढली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली. मी नाव विचारण्याची गरज नव्हती.

"या नोटिशीले जबाब द्याचा हाये," मामाजी म्हणाले. "लेखी."

मी काही क्षण पेनाचे टोपण लावत आणि काढत बसलो. स्टॅम्पवाल्याने आपले स्टूल जवळ ओढले.

"हे लगनाची पत्रिका हाये ना भाऊ," मी म्हणालो.

"मी वाचतो जी. शेवटची ओळ पाहा. म्हनते, नाई आलं तं आपलं काई म्हननं नाई असं समजू. तीन वर्षं झाले, मले कोनी इचारलं नाई का बावा, तुह्यं काय म्हननं हाये. भाचजावई आला, म्हने जाऊ द्या, गमतीची गोठ होती. बहीन आली, म्हने येवढं काय मनावर घेता. पयल्यांदा या कागदानं इचारलं." त्यांनी पत्रिकेवर बोट आपटले. "माह्यं म्हननं हाये. लय हाये. लिवा."

मी कागद घेतला. माझ्या व्यवसायाचा नियम असा, की समोर बसलेल्या माणसाचे म्हणणे त्याचेच राहिले पाहिजे. आपली फक्त भाषा. मी त्यांचे सर्व म्हणणे लिहिले. रकान्याची घसरण लिहिली, पानठेला लिहिला, 'कुठी चालले बाळ' हे अवतरणचिन्हात लिहिले. सोसायटीच्या सभेत ठराव मांडताना मागून कोणीतरी अंगाईगीत म्हटले, तेही त्यांनी सांगितले आणि मी गंभीरपणे नोंदवले. बाजूला स्टॅम्पवाला रुमालाने तोंड दाबून हसत होता. मामाजींनी त्याच्याकडे पाहिले.

"हसा," ते म्हणाले. "मलेही हसू येते कधी कधी. घरी. कोनी नसलं तं."

दीड पान झाले. मी परिच्छेद संपवून 'सबब' लिहिले आणि त्यांना वाचून दाखवू लागलो. त्यांनी हात वर केला.

"थांबा. तुमचा हा 'सबब' आन् पत्रिकेतला 'सबब' सख्खे भाऊ दिसून राह्यले."

खोटे बोलण्याची मला सवय नाही, आणि त्या क्षणी तशी सोयही नव्हती. पत्रिकेचा मसुदा माझा आहे, ती ओळ माझ्या हाताच्या सवयीची आहे, मुलीचा त्यात काही दोष नाही, असे मी त्यांना सांगितले. ते उठून जातील असे वाटले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मंग तं बरं झालं. ज्यानं नोटीस काढली तोच तिचा जबाब लिवन. पुढं लिवा, आन् असं लिवा का तुमालेच तोड नाई सापडली पायजे."

"पुढे मागणी लागते, भाऊ."

"कायची मागनी?"

"अर्जात शेवटी काय पाहिजे ते लिहावं लागते. नुसती तक्रार असली तर अर्ज निकाली निघत नाही. पडून राहते. तुमाले काय पायजे?"

हे मी दिवसातून दहा वेळा विचारतो. बहुतेकांना उत्तर पाठ असते. मामाजींना नव्हते. "माफी," ते म्हणाले, आणि मी लिहायला लागताच "नाई, माफी नोको, बहिनीनं माफी मांगाची का मले?" म्हणाले. मग पेपरात खुलासा छापावा असे सुचवले आणि लगेच मागे घेतले. उरलेल्या गावांनाही कळेल म्हणून. स्टॅम्पवाल्याकडे गिऱ्हाईक आले, त्याने हाताने त्याला थांबवले.

"पोरगी काई बोलली का?" त्यांनी विचारले. "तुमाले?"

मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सायकलसकट. पाठीमागच्या जागेसकट.

मामाजींनी पंचा डोळ्यांना लावला आणि तोंड पुसल्यासारखे केले. "तिले मीच मांडवात नेईन," ते म्हणाले. "दुसऱ्या कोन्या मामानं हात लावला नाई पायजे. हे लिवा. बाकी सारं खोडून टाका."

"बाकी राहू द्या," मी म्हणालो. "मागणीला आधार लागतो."

त्यांनी सही केली. कागद कोणाला द्यायचा असे विचारले. मी म्हणालो, नेमल्या तारखेला, नेमल्या वेळी, स्वतः हजर राहून सादर करायचा असतो. हे कायद्याने खरे आहे की नाही याच्या खोलात मी शिरत नाही.

चौथा सल्ला येथेच देतो. रुसलेल्या नातलगाकडे जाताना समजूत घालायला जाऊ नये. त्याचे म्हणणे काय ते आधी पूर्ण ऐकावे, मध्ये 'जाऊ द्या' म्हणू नये, आणि शेवटी त्याला काय हवे ते त्याच्याच तोंडून वदवावे. हे पत्रिका छापण्याच्या आधी करावे. माझ्या पद्धतीने करू नये.

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम लवकर पोहोचलो. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या, खाली माणसांचा महापूर. जो तो मला पाहून 'हजर हावो जी!' म्हणत हात वर करत होता. एका म्हातारीने तर अंगठा कुठी लावू, असे विचारले. मुहूर्त जवळ आला. मामाजी मांडवाच्या तोंडाशी उभे होते, आत नाही, बाहेर नाही. हातात ते दीड पान. शपथ अजून उंबरठ्यावर होती.

भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला आणा!"

चुलतमामा सवयीने पुढे सरसावला. मामाजी गरजले, "थांब बे! माह्या अर्जावर अजून निकाल नाई झाला." त्यांनी कागद माझ्याकडे धरला. "वाचा."

मी चष्मा लावला. विषयाची ओळ वाचली, पहिला परिच्छेद वाचला. पानठेल्यावर येताच मागच्या रांगेत हसू फुटले आणि ज्यांनी तीन वर्षे चिडवले होते तेच ते पुरुष आता ओशाळून एकमेकांना कोपराने ढोसू लागले. मी 'अंगाईगीत' या शब्दापर्यंत आलो होतो, तोच आतल्या खोलीतून नवरीचा आवाज आला, असा की वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत जावा.

"मामाजी! तुमी येता का जी, का मीच येऊ भायेर?"

मामाजी पळाले. दुसरा शब्द नाही. नवी चप्पल एक मांडवाच्या दारात राहिली, दुसरी अंगणात. मी पुढची ओळ वाचण्यासाठी तोंड उघडले होते ते तसेच राहिले, आणि क्षणात ते तिला घेऊन बाहेर आले. ती पुढे, तिच्या दोन्ही खांद्यांवर त्यांचे हात, जणू कोणी हिसकावून नेईल. नवरदेव अंतरपाटाच्या पलीकडे होता, पण त्याचे हसणे सर्वांना ऐकू येत होते. वाजंत्रीवाल्यांना वाटले लग्न लागले आणि ते अर्धा मिनिट आधीच वाजवू लागले. भटजींनी त्यांना हाताने गप्प केले.

मंगलाष्टके सुरू झाली. मामाजी ताठ उभे होते, परंतु दुसऱ्या कडव्याला त्यांचा धीर सुटला. मिशीसकट ते रडू लागले, मोठ्याने, नाक ओढत. अक्षता उडत होत्या, त्यांच्या मुठीतल्या तशाच राहिल्या होत्या. नवरीने मान वळवली नाही. नवरीने वळवू नये असे तिला सकाळपासून बजावले होते. ओठ न हलवता, पण पहिल्या रांगेतल्या आम्हा सर्वांना ऐकू येईल इतक्या आवाजात तिने विचारले,

"मामाजी, सकाळची बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली व माय," मामाजी हुंदक्यातून म्हणाले. "तू समोर पाह्य. मी मागं हावो."